प्रकल्प नोंदी: गाड्यांच्या गेटवेमधलं फ्लो कंट्रोल (नेटी ४.१)

४ मार्च २०२४, सोमवार

गेटवेचं, म्हणजे गाड्यांकडून नोंदी घेऊन पुढे पोचवणाऱ्या मधल्या प्रोग्रामचं, काम आजपासून आमच्याकडे. जावात लिहिलेला आहे, नेटी ४.१ या नेटवर्क प्रोग्राम लिहिण्याच्या लायब्ररीवर. एका बाजूने गाड्यांमध्ये बसवलेले ट्रॅकर मोबाइल नेटवर्कवरून टीसीपीने (डेटा क्रमाने आणि न गाळता पोचवण्याच्या नेटवर्क-पद्धतीने) जोडले जातात आणि आपण कुठे आहोत याच्या नोंदी पाठवत राहतात. दुसऱ्या बाजूला घेणारे तिघे: प्रत्येक नोंद कायमची जपणारी साठवण सेवा, नियंत्रण कक्षातले थेट नकाशे, आणि ट्रॅकरच्या लॉग फाइली ओढून घेणारं दुरुस्ती विभागाचं साधन.

तक्रार जुनी आहे. साठवण सेवा मंदावली की थोड्या वेळाने गेटवे मेमरी संपून पडतो. तो पडला की सगळे ट्रॅकर एकाच वेळी पुन्हा जोडायला धावतात, साठलेल्या नोंदी घेऊन, आणि नुकता उठलेला गेटवे परत आडवा होतो. जावाच्या हीपमध्ये, म्हणजे जावा स्वतः सांभाळते त्या मेमरीत, तेव्हा भरपूर जागा असते. संपते ती हीपबाहेरची डायरेक्ट मेमरी, जिच्यात नेटी आपले बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) ठेवतं. आतापर्यंत दर वेळी मेमरी वाढवून दिली गेली. त्याने पडण्याची घटका लांबते, टळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो, पुढचे निर्णय तिच्यावरच होणार आहेत. आमच्याकडे नोंदी एका गतीने येत नाहीत. कसारा किंवा ताम्हिणी घाटात रेंज गेली की ट्रॅकर नोंदी स्वतःच्या फ्लॅश मेमरीत ठेवतो आणि रेंज आल्यावर एका दमात सगळ्या ओततो. लोंढा हा इथे अपवाद नाही, रोजचा व्यवहार आहे. सरासरीवर बेतलेला कुठलाही हिशेब या गेटवेला लागू पडणार नाही.

५ मार्च, मंगळवार

टीसीपीत फ्लो कंट्रोल, म्हणजे घेणाऱ्याला झेपेल तेवढंच पाठवण्याची व्यवस्था, १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेट मानकातही आहे. मग मेमरी भरतेच कशी, हे आज प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं.

टीसीपीची व्यवस्था थोडक्यात अशी. घेणाऱ्या यंत्राच्या कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे) सॉकेटमागे, म्हणजे जोडणीच्या त्या टोकामागे, एक बफर असतो. त्यात किती जागा उरली आहे ते प्रत्येक पोचपावतीबरोबर पाठवणाऱ्याला कळवलं जातं. तीच विंडो. प्रोग्रामने सॉकेटमधून वाचणं थांबवलं की बफर भरतो, विंडो शून्यावर येते आणि पाठवणारा थांबतो. यात एक अट दडलेली आहे: प्रोग्रामने वाचणं थांबवलं पाहिजे. आमचा प्रोग्राम कधीच थांबत नाही. नेटीत ऑटो-रीड मुळातच चालू असतं. सॉकेटवर काही आलं की इव्हेंट लूप (अनेक जोडण्या सांभाळणारा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा) ते उचलतो आणि पाइपलाइनमध्ये, म्हणजे हँडलर नावाच्या टप्प्यांच्या साखळीत, सोडतो. कर्नलचा बफर कायम रिकामा, विंडो कायम उघडी.

लिहिण्याच्या बाजूला याच्या उलट ढिलाई. नेटीचं 'राइट' कधी अडत नाही आणि कधी नकारही देत नाही. कर्नलने घेतलं नाही ते 'चॅनलआउटबाउंडबफर' नावाच्या साखळीत जाऊन बसतं, आणि त्या साखळीला लांबीची मर्यादा नाही.

तपासणीसाठी साठवण सेवेच्या चाचणी प्रतीला 'किल -स्टॉप' दिला. धीम्या घेणाऱ्याचं सोंग आणायला याच्याइतकी सोपी युक्ती मला माहीत नाही. प्रक्रिया गोठते, पण तिच्या यंत्राचं कर्नल जागं असतं, पोचपावत्या देत राहतं, त्यामुळे जोडणी तुटत नाही. 'एसएस' या जोडण्यांची स्थिती दाखवणाऱ्या साधनात साठवणीकडच्या जोडणीचा सेंड-क्यू (पाठवायची रांग) वर जाऊन स्थिरावला. नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या 'टीसीपीडंप'मध्ये तिकडून 'विन ०', म्हणजे शून्य विंडो, येऊ लागलं. त्याच वेळी ट्रॅकरकडच्या जोडण्यांची विंडो पूर्ण उघडी आणि रिसीव्ह-क्यू शून्य. एका टोकाला दार बंद, दुसऱ्या टोकाला सताड उघडं, आणि मधली सगळी आवक आमच्या प्रक्रियेच्या मेमरीत. पाटाच्या शेवटच्या चारीचं दार पाडलं, पण वरच्या पाटकऱ्याला कुणी कळवलंच नाही, तर पाणी मधल्या रानात शिरणारच. इथे कळवायचं काम गेटवेचं आहे. टीसीपीने आपल्या दोन्ही जोडण्यांवर आपापलं काम चोख केलं. त्या दोन जोडण्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कर्नलला कळायला मार्ग नाही. ते फक्त आपल्या प्रोग्रामला ठाऊक असतं.

७ मार्च, गुरुवार

फळ्यावर एका नोंदीचा पूर्ण प्रवास काढला. ट्रॅकरच्या कर्नलचा पाठवणीचा बफर, आमच्या कर्नलचा आवक बफर, डीकोडरमध्ये (बाइटांतून नोंदी सुट्या करणाऱ्या भागात) साठलेले अर्धवट बाइट, तपासणी करणाऱ्या थ्रेड पूलची (कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटाची) रांग, साठवणीकडच्या चॅनलचा (नेटीत जोडणीला चॅनल म्हणतात) बाहेर जाणारा बफर, आमच्या कर्नलचा पाठवणीचा बफर, साठवण सेवेच्या कर्नलचा आवक बफर. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हा भरला तर आधीच्याला कळतं का?

कर्नलच्या चारही बफरांपुढे 'हो' आलं. त्यांना कमाल मर्यादा असते आणि ती गाठली की अडवणं आपोआप होतं. आमच्या कोडमधल्या रांगांपुढे 'नाही'. थ्रेड पूल 'न्यूफिक्स्डथ्रेडपूल'ने बनवलेला आहे. त्याच्या नावातलं 'फिक्स्ड' फक्त थ्रेडच्या संख्येला लागू आहे. आतल्या रांगेची क्षमता २,१४,७४,८३,६४७, म्हणजे व्यवहारात अमर्याद.

दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: 'थांब' हा निरोप शेवटच्या घेणाऱ्यापासून गाडीतल्या ट्रॅकरपर्यंत कुठेही न तुटता पोचला पाहिजे. मध्ये एक जरी अमर्याद रांग राहिली, तर तिच्या पुढची सगळी मेहनत वाया. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी; सोमवारी कोडला हात.

११ मार्च, सोमवार

सुरुवात लॉग फाइलींच्या मार्गापासून, कारण तिथे एक पाठवणारा आणि एकच घेणारा.

नेटी प्रत्येक चॅनलला दोन खुणा देतं: वरची ६४ किलोबाइट, खालची ३२. बाहेर जायचे राहिलेले बाइट वरच्या खुणेपुढे गेले की 'इझरायटेबल' खोटं होतं. खालच्या खुणेखाली आले की पुन्हा खरं. दोन्ही वेळा 'चॅनलरायटॅबिलिटीचेंज्ड' ही घटना पाइपलाइनमध्ये येते. खुणा दोन आहेत त्याला कारण आहे. एकच असती, तर तिच्या आसपास दर काही बाइटना चालू-बंद होत राहिलं असतं.

या खुणा म्हणजे सल्ला आहे, अडसर नाही, हे टीममधल्या सगळ्यांना आवर्जून सांगितलं. 'इझरायटेबल' खोटं असतानाही 'राइट' केलं तर नेटी मुकाट्याने स्वीकारतं. सल्ला पाळणारा कोड आपणच लिहायचा असतो. आमच्या हँडलरमध्ये तो असा: लिहून झाल्यावर बाहेरचा चॅनल लिहिता येण्याजोगा उरला नसेल, तर आतल्या चॅनलचं ऑटो-रीड बंद, बाहेरच्या चॅनलवर घटना आली आणि तो पुन्हा मोकळा असेल, तर चालू. आता आतल्या सॉकेटमधून कुणी वाचत नाही, कर्नलचा बफर भरतो, विंडो मिटते, ट्रॅकर थांबतो. टीसीपीचं यंत्र तयारच होतं, त्याला आमचा धागा जोडला एवढंच.

या चार ओळींच्या कोडमध्ये एक अतिशय चिवट दोष लपू शकतो, म्हणून तो सविस्तर लिहितो. आतला आणि बाहेरचा चॅनल वेगवेगळ्या इव्हेंट लूपवर, म्हणजे वेगवेगळ्या थ्रेडवर आहेत असं समजा. आतला थ्रेड पाहतो की बाहेरचा चॅनल भरला आहे. तो ऑटो-रीड बंद करणार, तेवढ्यात बाहेरचा थ्रेड सगळा बफर रिकामा करतो, घटना येते, आणि तिचा हँडलर ऑटो-रीड चालू करतो. ते अजून चालूच होतं, त्यामुळे काही बदलत नाही. मग आतला थ्रेड आपलं अर्धवट काम पुरं करतो: ऑटो-रीड बंद. आता बाहेरचा बफर रिकामा आहे, तो पुन्हा भरणार नाही, म्हणून घटना पुन्हा येणार नाही. जोडणी कायमची गप्प. अपवाद (एक्सेप्शन) नाही, लॉगमध्ये ओळ नाही, मेमरी वाढत नाही, सीपीयूवर भार नाही. असा दोष चाचणीत क्वचित दिसतो आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, भरपूर गाड्या असल्या की हमखास.

उपाय दोन. जिथे जमेल तिथे दोन्ही चॅनल एकाच इव्हेंट लूपवर ठेवायचे. नेटीच्या उदाहरणांतल्या 'हेक्सडंपप्रॉक्सी'त हेच केलेलं आहे: बाहेरची जोडणी करताना आतल्या चॅनलचाच इव्हेंट लूप दिला जातो. मग दोन्ही कामं एकाच थ्रेडवर एकामागून एक होतात आणि शर्यतीला जागाच उरत नाही. लॉग फाइलींसाठी हाच मार्ग घेतला.

साठवणीकडच्या जोडण्या मात्र मोजक्या आहेत आणि हजारो ट्रॅकर त्या वाटून घेतात, तिथे एकच लूप शक्य नाही. तिथे क्रम महत्त्वाचा: आधी स्वतःचं नाव 'वाट पाहणारे' या संचात घालायचं, मग ऑटो-रीड बंद करायचं, आणि मग 'इझरायटेबल' पुन्हा एकदा विचारायचं. उत्तर खरं आलं तर स्वतःच चालू करायचं. खोटं आलं तर घटना अजून यायची आहे याची खात्री असते. या तीन पायऱ्यांचा क्रम कुणीही बदलू नये अशी टीप कोडमध्ये ठळक टाकली आहे.

१३ मार्च, बुधवार

साठवण मार्गावर ऑटो-रीड बंद झाल्यावरही नोंदी येत राहिल्या. हे नेटीचं ठरलेलं वागणं आहे. ऑटो-रीड बंद केल्याने सॉकेटवरचं पुढचं वाचन थांबतं; आधीच उचललेल्या बाइटांचं काय करायचं ते डीकोडर ठरवतो. एका वाचनाचा बफर वाढत वाढत ६५,५३६ बाइटपर्यंत जाऊ शकतो. नोंद ६४ बाइटची धरली तर एका वाचनात १,०२४ नोंदी बसतात. 'बाइटटूमेसेजडीकोडर' त्या सगळ्या सुट्या करून एकापाठोपाठ एक पुढे ढकलतो. पहिल्याच नोंदीवर आम्ही 'थांब' म्हटलं तरी उरलेल्या १,०२३ येतातच. एका ट्रॅकरला हे चालून जाईल. घाट उतरलेल्या शेकडो गाड्या एकदम आल्या तर नाही.

नेटीमध्ये यासाठी तयार हँडलर आहे, 'फ्लोकंट्रोलहँडलर'. डीकोडरच्या लगेच पुढे ठेवायचा. तो डीकोडरने सुट्या केलेल्या नोंदी आपल्या रांगेत धरतो आणि ऑटो-रीड बंद असताना एका 'रीड'ला एकच नोंद पुढे सोडतो. रांग रिकामी असेल तेव्हाच सॉकेटकडे जातो, त्यामुळे त्याची स्वतःची रांग एका वाचनाच्या मापापुढे फारशी जात नाही. या हँडलरची माहिती अधिक लोकांना असायला हवी. पुष्कळ कोडमध्ये हेच काम हाताने, अर्धवट, नव्याने लिहिलेलं दिसतं.

१४ मार्च, गुरुवार

थ्रेड पूल. अमर्याद रांग काढून मर्यादित रांग घातली. भरल्यावर काय करायचं यावर रिव्ह्यूमध्ये बराच खल झाला. 'कॉलररन्सपॉलिसी' सुचवली गेली: रांग भरली की काम देणाऱ्यानेच ते करावं. इतरत्र हा उपाय चांगला आहे, इथे घातक. इथे काम देणारा म्हणजे इव्हेंट लूप, आणि कामात डेटाबेसची वाट पाहणं आहे. एक लूप अडला की त्याच्यावरच्या सगळ्या गाड्या अडतात, ज्यांचा या रांगेशी संबंधही नाही त्यासुद्धा.

ठरलं ते असं: प्रत्येक जोडणीमागे अपुऱ्या कामांचा मोजणीदार, मर्यादा गाठली की त्या एकाच जोडणीचं वाचन थांबवायचं, काम संपलं की मोजणी कमी करून पुन्हा 'रीड'. पूलच्या रांगेचं माप या सगळ्या मर्यादांच्या बेरजेइतकं, म्हणजे नकार द्यायची वेळच येऊ नये.

१९ मार्च, मंगळवार

आता एकाच आतल्या जोडणीला थांबवणारे तिघे झाले: साठवणीचा चॅनल, अपुऱ्या कामांची मोजणी, आणि लॉग फाइल चालू असेल तर ती. ऑटो-रीड मात्र एकच होय-नाही आहे. साठवण मोकळी झाली म्हणून तिने 'चालू' केलं, तर कामांची मोजणी अजून भरलेली असूनही आवक सुरू होते. नेटीचे ट्रॅफिक शेपिंगचे (वेगाला मर्यादा घालणारे) हँडलरसुद्धा हीच कळ दाबतात. ते पुढेमागे बसवले तर चौथा धनी.

याचं उत्तर नेटीच्याच लिहिण्याच्या बाजूला सापडलं. 'चॅनलआउटबाउंडबफर'मध्ये 'सेटयूजरडिफाइन्डरायटॅबिलिटी' आहे: १ ते ३१ क्रमांकांचे बिट, प्रत्येक कारणाला एक. सगळे साफ असतील तेव्हाच चॅनल लिहिता येण्याजोगा. तीच रचना वाचण्याच्या बाजूला उतरवली. 'वाचनथांबा' नावाचा छोटा वर्ग, आत कारणांचे बिट, आणि ऑटो-रीडला हात लावायची परवानगी फक्त त्याला. प्रत्येक बदल त्या चॅनलच्या इव्हेंट लूपवरच होतो. थांबण्याचं कारण आणि वेळ लॉगमध्ये जाते, त्यामुळे 'ही गाडी गप्प का' याचं उत्तर आता शोधावं लागत नाही, वाचता येतं. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा.

२१ मार्च, गुरुवार

चाचणीत साठवण सेवा गोठवून ठेवली, आणि काही मिनिटांनी सगळे ट्रॅकर तुटले. तोडणारे आम्हीच. 'आयडलस्टेटहँडलर' ठरावीक वेळ काही वाचलं गेलं नाही की 'रीडर आयडल' घटना देतो आणि जुना कोड त्यावर जोडणी बंद करतो. पण आता वाचन आम्हीच थांबवलेलं असतं. ट्रॅकर बिचारा विंडो उघडायची वाट पाहत उभा. दुरुस्ती: 'वाचनथांबा'मध्ये कुठलंही कारण लागलेलं असेल तर ही घटना ग्राह्य नाही; कारण निघाल्यावर मोजणी नव्याने सुरू.

याची दुसरी बाजू अवघड आहे. एनआयओ ट्रान्सपोर्टमध्ये (जावाच्या अंगभूत नेटवर्क सोयीवर चालणाऱ्या नेटीच्या प्रकारात) वाचन थांबलेलं असताना समोरच्याने जोडणी बंद केली तर ते कळत नाही, कारण बंद झाल्याची खूणही वाचूनच मिळते. म्हणून लांब थांबलेल्या जोडण्यांवर आमच्याकडून अधूनमधून छोटा ठोका पाठवायचा. मेलेल्या जोडणीवर लिहायला गेलं की चूक परत येते.

घेणाऱ्याच्या बाजूला धीमा आणि मेलेला यांतला फरक टीसीपी करून देत नाही. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये स्पष्ट आहे: समोरचा शून्य विंडोच्या चाचपणीला उत्तर देत असेल, तर जोडणी उघडी ठेवलीच पाहिजे, मग ती स्थिती कितीही काळ टिको. कधी सोडून द्यायचं हे प्रोग्रामने ठरवायचं. त्यासाठी 'आयडलस्टेटहँडलर'चा 'ऑब्झर्व्हआउटपुट' पर्याय चालू केला. तो नसेल तर मोठं लेखन पुरं होईपर्यंत चॅनल निष्क्रिय समजला जातो. असेल तर थोडे थोडे बाइट सरकत असले तरी ते जिवंतपण मोजलं जातं. हळू घेणाऱ्याला वेळ द्यायचा, काहीच न घेणाऱ्याला सोडायचं.

२६ मार्च, मंगळवार

धुळवडीची सुट्टी संपवून थेट नकाशे. इथे आत्तापर्यंतचा नियम उलटा होतो.

एक नोंद अनेक पडद्यांकडे जाते. त्यातला एक पडदा एखाद्या डेपोतल्या कमकुवत जोडणीवर असला आणि आम्ही 'थांब' मागे पाठवलं, तर एका पडद्यापायी राज्यभरच्या गाड्यांची आवक थांबेल. हे कुणालाच नको. शिवाय नकाशाला जुनी नोंद नकोच असते. गाडी आत्ता कुठे आहे एवढंच हवं.

म्हणून प्रत्येक पडद्यासाठी रांग नाही, तक्ता: गाडीचा क्रमांक आणि तिची ताजी नोंद. चॅनल मोकळा असेल तर तक्त्यातून उचलून लिहायचं. भरला असेल तर लिहायचं नाही. नवी नोंद जुनीच्या जागी बसते. तक्ता गाड्यांच्या संख्येपलीकडे वाढूच शकत नाही, घेणारा कितीही धीमा असो. ज्याची जोडणी चांगली त्याला प्रत्येक हालचाल दिसते, ज्याची वाईट त्याला थोड्या उड्या दिसतात, पण दोघांनाही दिसतं ते खरं असतं.

इथे मेमरीची एक खाच आहे. एकच बफर अनेक चॅनलना देताना 'रिटेन्डडुप्लिकेट' वापरतो, म्हणजे बाइटांची नक्कल होत नाही, फक्त संदर्भ वाढतो. पण मग सगळ्यात धीमा पडदा तो सोडेपर्यंत मूळ मेमरी नेटीच्या बफरांच्या पूलमध्ये परत जात नाही. तक्त्यातून बाजूला काढलेली प्रत्येक नोंद 'रिलीज' करावी लागते. एक विसरली तर गळती. चाचण्या 'पॅरानॉइड' पातळीच्या गळती-शोधकाखालीच चालवायच्या असं ठरलं.

गाडीत दाबलेल्या आपत्कालीन कळीची सूचना मात्र तक्त्यात जात नाही. ती गाळता येत नाही. तिच्यासाठी वेगळी छोटी रांग, आणि ती भरलीच तर तो पडदा तोडायचा. पुन्हा जोडल्यावर त्याला पूर्ण स्थिती मिळते. न कळवलेल्या आपत्तीपेक्षा तुटलेला पडदा बरा. तुटलेला निदान दिसतो.

२८ मार्च, गुरुवार

काही डेपोंमध्ये संकलक आहे: आवारातल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी गोळा करून तो एकाच टीसीपी जोडणीवर पाठवतो. इथे ऑटो-रीड बंद करणं फार बोथट पडतं. एका गाडीची लॉग फाइल तुंबली म्हणून जोडणी थांबवली, तर तिच्यामागच्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी अडतात, आपत्कालीन कळसुद्धा.

एका जोडणीत अनेक प्रवाह आले की प्रत्येक प्रवाहाला स्वतःची विंडो लागते. हा शोध नवा नाही. एसएसएचमध्ये (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या पद्धतीत) प्रत्येक चॅनलला विंडो आहे आणि ती वाढवणारा संदेश २००६ च्या आरएफसी ४२५४ मध्ये आहे. वेबच्या एचटीटीपी/२ ने २०१५ मध्ये प्रत्येक प्रवाहाला आणि वर पूर्ण जोडणीलाही विंडो दिली, सुरुवातीचं माप ६५,५३५ बाइट. त्यातला एक तपशील आम्ही जसाच्या तसा उचलला: एचटीटीपी/२ मध्ये विंडो फक्त 'डेटा' फ्रेमना (फ्रेम म्हणजे एक संदेश-तुकडा) लागू होते. 'विंडो अपडेट', 'पिंग' यांना नाही. विंडो वाढवणारा संदेशच विंडोची वाट पाहत राहिला, तर दोन्ही बाजू एकमेकींकडे पाहत कायमच्या थांबतील.

आमची रचना श्रेयांकावर. गेटवे प्रत्येक प्रवाहाला ठरावीक बाइटांचं श्रेय देतो, संकलक तेवढंच पाठवतो. श्रेय परत केव्हा द्यायचं हा कळीचा मुद्दा. बाइट आमच्या हाती आले तेव्हा नाही. पुढच्या घेणाऱ्याने ते उचलले तेव्हा. आधीच परत दिलं तर ते फ्लो कंट्रोल राहत नाही, नुसती पोच होते. प्रत्येक नोंदीला श्रेय पाठवणं खर्चिक, म्हणून अर्धी विंडो खपली की एकदम.

माप किती? फेरीचा वेळ २०० मिलिसेकंद धरला तर ६५,५३५ बाइटच्या विंडोत सेकंदाला सुमारे ३,२७,००० बाइट जातात, म्हणजे जेमतेम २.६ मेगाबिट. नोंदींना हे पुष्कळ आहे, लॉग फाइलींना अपुरं. फाइलींच्या प्रवाहाला चौपट विंडो दिली.

२ एप्रिल, मंगळवार

भार चाचणी. खुणांचा हिशेब आधी कागदावर: १०,००० जोडण्या, प्रत्येकी ६४ किलोबाइटची वरची खूण, सगळ्या एकदम भरल्या तर ६५ कोटी ५३ लाख ६० हजार बाइट, म्हणजे सुमारे ६२५ मेबीबाइट. खुणेच्या थोडं वर जाणारंही धरायला हवं, कारण खूण ओलांडणारं शेवटचं लेखन पूर्ण स्वीकारलं जातं. ट्रॅकरकडे जाणारा मजकूर अगदी छोटा असतो, म्हणून त्यांच्या खुणा ८ आणि ४ किलोबाइटवर आणल्या. साठवणीकडच्या मोजक्या जोडण्यांना उलट वाढवून दिल्या.

साठवण गोठवली. डायरेक्ट मेमरीची रेषा चढली, आडवी झाली आणि आडवीच राहिली. ट्रॅकरच्या चाचणी प्रतींकडे 'विन ०' पोचलं. साठवण सोडल्यावर आवक पुन्हा सुरू, क्रम शाबूत. आतल्या टोकाला आणि बाहेरच्या टोकाला एकाच वेळी विंडो मिटलेली पाहायला मिळावी म्हणून हा सगळा महिना काम चाललं होतं.

पुन्हा जोडणीच्या गर्दीसाठी सर्व्हर चॅनलचं (नव्या जोडण्या स्वीकारणाऱ्या चॅनलचं) ऑटो-रीडही 'वाचनथांबा'खाली आणलं. ते बंद असताना नव्या जोडण्या स्वीकारल्या जात नाहीत, कर्नलच्या बॅकलॉगमध्ये (वाट पाहणाऱ्या जोडण्यांच्या रांगेत) थांबतात. नेटी स्वतःही ही युक्ती वापरतं: जोडणी स्वीकारताना अपवाद आला तर एक सेकंद स्वीकारणं थांबवतं.

५ एप्रिल, शुक्रवार

पहिल्या नोडवर (गेटवे चालवणाऱ्या यंत्रांपैकी एकावर) चालू केलं. दुपारी साठवणवाल्यांनी ठरल्याप्रमाणे डेटाबेसची देखभाल केली आणि त्या वेळात गेटवेने नोंदी मागेच, गाड्यांमध्ये, थांबवल्या.

यातून एक नवा प्रश्न समोर आला आहे. टीसीपीची पोचपावती म्हणजे नोंद साठली असं नाही. ती फक्त आमच्या कर्नलपर्यंत आली. म्हणून ट्रॅकर आपल्या फ्लॅशमधली नोंद तेव्हाच पुसतो जेव्हा साठवण सेवेची स्वतंत्र पोच त्याला मिळते. आम्ही थांबवलं की फ्लॅश भरत जातो, आणि भरला की ट्रॅकर सगळ्यात जुनी नोंद खोडून नवी लिहितो. म्हणजे थांबवण्यालाही मुदत आहे आणि ती मुदत ट्रॅकरच्या मेमरीने ठरते. साठवणवाल्यांबरोबर बसून देखभालीची कमाल वेळ त्या मुदतीच्या बरीच आत बांधून घ्यायची आहे. तुटून पुन्हा जोडलेल्या ट्रॅकरने तीच नोंद दोनदा पाठवली तर ती क्रमांकावरून ओळखली जाते, हे आज प्रॉडक्शनमध्येही तपासलं.

पाडव्यानंतरची कामं: उरलेले नोड. नकाशांच्या चॅनलवर एपोल ट्रान्सपोर्ट (लिनक्सची स्वतःची सोय वापरणारा नेटीचा प्रकार) आणि 'टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट'. कर्नलच्या बफरमध्ये एकदा गेलेली नोंद आम्हाला बदलता येत नाही, त्यामुळे धीम्या पडद्यावर तक्ता ताजा असूनही चित्र मागचं दिसतं. कर्नलमध्ये न पाठवलेलं कमीत कमी राहू दिलं तर ती दिरंगाई किती घटते ते मोजायचं. आणि थांबण्याच्या कारणांचा आलेख ऑपरेशनवाल्यांच्या पडद्यावर, प्रत्येक कारण वेगळ्या रंगात.